आलोचच्या चार शिड्या

त्याचं खरं नाव त्याच्या बायकोला माहीत होतं आणि सरकारी कागदांवर होतं. बाकी सगळे त्याला ‘आलोच’ म्हणायचे. घरं रंगवायचा त्याचा धंदा. फोन कुणाचाही असो, कसलाही असो, तो उचलून पहिला शब्द ‘आलोच’ असा बोलायचा, आणि मग तीन दिवस येत नसे. रंगाच्या दुकानदाराने एकदा गमतीने त्याला त्या नावाने हाक मारली आणि त्याने ओ दिली. तेव्हापासून ते नाव त्याला चिकटलं.

हात मात्र सोन्यासारखा. भिंत आणि छत जिथे मिळतात ती रेघ तो पट्टी न लावता, नुसत्या ब्रशने अशी सरळ ओढायचा की बघणाऱ्याने श्वास रोखावा. म्हणून तर लोक थांबायचे. वाईट रंगाऱ्याची कुणी तीन दिवस वाट बघत नाही.

ही कला त्याला मामांनी शिकवली होती, आणि कलेबरोबर धंद्यातली एक मेखही शिकवली होती. गिऱ्हाइकाने होकार दिला की त्याच दिवशी त्याच्या घरात आपली शिडी नेऊन उभी करायची. सोबत रिकामी बादली आणि एक जुनी चादर. शिडी उभी राहिली की काम सुरू झालं असं गिऱ्हाइकाला वाटतं. मग तो दुसऱ्या रंगाऱ्याकडे जात नाही, कारण एका घरात दोन शिड्या म्हणजे नसती भांडणं. पण मामांनी पुढे असंही बजावलं होतं, की दोन घरांचा रंगारी राबतो आणि तीन घरांचा रंगारी पळतो. आलोचने मेख लक्षात ठेवली आणि बजावणं सोयीस्कर विसरला.

त्याचा हिशेब वेळेचा होता आणि ऐकायला अगदी बिनतोड होता. पुट्टी भरली की ती वाळायला निम्मा दिवस. प्रायमर मारला की चार तास. पहिला हात मारला की पुन्हा चार तास. एवढा वेळ रंगाऱ्याने भिंतीसमोर बसून काय करायचं? न्हावी काय गिऱ्हाइकाचे केस वाढेपर्यंत खुर्चीशी उभा राहतो? तेव्हा एकाची भिंत वाळत असताना दुसऱ्याची ओली करायची, दुसऱ्याची वाळत असताना तिसऱ्याची. हे तो इतक्या आत्मविश्वासाने सांगायचा की ऐकणाऱ्याला आपण आयुष्य फुकट घालवलं असं वाटायचं. प्रत्यक्षात भिंती कधीच वाळून ठणठणीत झालेल्या असत आणि आलोच कुठेतरी वाटेत असे.

सध्या त्याच्या तीन शिड्या तीन ठिकाणी होत्या.

पहिली दाताच्या डॉक्टरांकडे, पेशंट बसतात त्या खोलीत. दवाखाना दहाला उघडायचा म्हणून तिथे सकाळी सातला जायचं ठरलं होतं. पेशंट आधीच घाबरलेले, त्यात डोक्यावर शिडी. एका आजोबांनी तर दाढेचं दुखणं परवडलं म्हणून परतीचा रस्ता धरला. दुसरी शिडी एका निवृत्त मुख्याध्यापिकांकडे. त्यांना सगळे बाई म्हणत. त्यांची पुस्तकं कपाटांतून काढून बोळात रचून ठेवलेली, आणि बाई गेले एकोणीस दिवस स्वतःच्या घरात तिरक्या चालत होत्या. तिसरी शिडी केस कापायच्या दुकानात. तिथे रंगाचे शिंतोडे उडू नयेत म्हणून आलोचने पहिल्याच दिवशी सगळ्या आरशांवर वर्तमानपत्रं चिकटवली होती. ती अजून तशीच होती. गिऱ्हाईक खुर्चीत बसायचं, समोर जुन्या बातम्या वाचायचं आणि डोक्यावर काय झालंय ते घरी गेल्यावर बायकोकडून कळायचं. सलूनवाल्याच्या दुकानात गेले अकरा दिवस घरून परत आलेल्या लोकांचीच वर्दळ जास्त होती.

आणि चौथी शिडी आलोचच्या स्वतःच्या घरात होती. पुढच्या खोलीत. चार वर्षं.

चार वर्षांपूर्वी त्याने मोठ्या उत्साहाने त्या खोलीच्या भिंती खरवडल्या होत्या. दोन भिंतींना पुट्टी भरून झाली आणि तेवढ्यात फोन आला. ‘आलोच’ म्हणून तो जो गेला तो गेलाच. त्या शिडीच्या पायऱ्यांवर आता ओले कपडे वाळायचे, कॉलेजातल्या मुलीची पिशवी टांगलेली असायची, वरच्या पायरीवर लोखंडी इस्त्री ठेवलेली असायची. पाहुणे पहिल्यांदा आले की विचारत, रंगाचं काम चालू आहे वाटतं? बायको हो म्हणायची. दुसऱ्यांदा आलेले पाहुणे विचारत नसत.

बायको शिवणकाम करायची. मागच्या खोलीत एका मशीनवर, शेजारपाजारच्या बायकांचे कपडे. तिच्या हातालाही नाव होतं, फक्त ते गल्लीबाहेर गेलं नव्हतं. या वर्षी तिने मनाचा हिय्या केला आणि पुढच्या खोलीत शिवणाचा क्लास काढायचं ठरवलं. आठ जणींनी नावं दिली. सहा जुनी मशीनं ठरली, ती सोमवारी सकाळी येणार होती. वर्ग सोमवारी दुपारी तीनला. आता एवढंच उरलं होतं, की आलेल्या आठ बायकांनी खोलीत पाऊल टाकल्यावर खरवडलेल्या भिंती बघून उलट्या पावली जाऊ नये. कारण पडक्या भिंतीच्या खोलीत कापड नीट कापायला शिकवते असं सांगणारीवर कोण विश्वास ठेवणार?

आदल्या सोमवारी रात्रीचं जेवण झाल्यावर तिने आलोचला समोर बसवलं आणि आवाज न चढवता सांगितलं, की शनिवारी सकाळी नऊ वाजता या खोलीचं काम सुरू झालं पाहिजे. नाहीतर ती त्याच्या चेल्याला बोलावणार.

चेला म्हणजे सहा वर्षं त्याच्या हाताखाली शिकून वेगळा झालेला मुलगा, आता तिशीचा बाप्या. रेघ ओढण्यात त्याला गुरूच्या नखाचीही सर नव्हती. पण एका वेळी एकच घर घ्यायचा आणि सांगितलेल्या वेळी दारात उभा असायचा. या दुर्गुणामुळे आलोच त्याला मनातल्या मनात पाण्यात बघायचा. आणि आता तोच येऊन गुरूच्या घराला रंग देणार? रंगाच्या दुकानात रोज सकाळी सगळे रंगारी जमतात. तिथे ही बातमी पोचली असती तर आलोचला शहराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन रंग विकत घ्यावा लागला असता.

“शनिवारी नऊला,” तो म्हणाला, “आलोच.”

“तुम्ही घरातच असता,” बायको म्हणाली. “येणार कुठून?”

तो उठून हात धुवायला गेला.

आता आलोच खोटारडा होता असं कुणाला वाटेल, तर तो त्याच्यावर अन्याय होईल. शब्द देताना त्याला तो खराच वाटायचा. मंगळवारी डॉक्टरांचा फोन आला, की शनिवारी मी एकही पेशंट घेतलेला नाही, नऊला या आणि एकदाचं संपवा. मंगळवारी शनिवार चांगला लांब दिसत होता, अगदी मोकळा आणि रुंद. तो म्हणाला, ‘आलोच’. बुधवारी सलूनवाल्याने सांगितलं, की खास तुमच्यासाठी शनिवारी दुकान बंद ठेवतो, नऊला या. माणूस आपल्यासाठी दुकान बंद ठेवतो म्हणजे केवढा मान. त्याला नाही कसं म्हणायचं? गुरुवारी बाईंचा फोन आला आणि बाईंना तर नाही म्हणायची त्याची छातीच नव्हती. त्या फोनवर बोलायला लागल्या की तो उभा राहायचा.

खरा रोग हाच होता. त्याला नाही म्हणता येत नव्हतं. कुणाला आपण हवे आहोत हे ऐकून त्याला बरं वाटायचं आणि आपण नाही म्हटलं की ते हवंपण तिथल्या तिथे संपेल, समोरचा तोंड फिरवून जाईल, अशी त्याला लहानपणापासून भीती होती. म्हणून तो हो म्हणायचा आणि मग ज्याचा आरडाओरडा सगळ्यांत मोठा त्याच्याकडे आधी जायचा. हीच त्याची कामं लावायची पद्धत. बायको कधी ओरडली नव्हती. म्हणून चार वर्षं.

मुलीने महिन्यापूर्वी त्याच्यासाठी मोबाइलवर वेळापत्रक करून दिलं होतं. प्रत्येक गिऱ्हाइकाला वेगळा रंग. आलोचला ते फार आवडलं, पण चुकीच्या कारणाने. डॉक्टरांना दिलेला हिरवा फारच भडक आहे, त्यांच्या भिंतीचा हिरवा जरा दुधाळ आहे, हे त्याने तिला दोनदा सुनावलं. तरी रोज संध्याकाळी तो दिवसभरात दिलेले शब्द तिला इमानदारीने सांगायचा आणि ती ते भरायची. शुक्रवारी ती म्हणाली, “बाबा, शनिवारी नऊला चार पट्ट्या आल्यात. एकावर एक बसल्यात, वरची तेवढी दिसते.”

“एकाचं वाळेपर्यंत दुसऱ्याचं होतं,” आलोच म्हणाला आणि बनियन शोधायला लागला.

बायकोने मोबाइल हातात घेतला. चारही पट्ट्या एकेक करून सरकवून बघितल्या. सगळ्यांत खाली तिची होती, फिकट राखाडी. थोड्या वेळाने तिने कोपऱ्यावरच्या टेम्पोवाल्याला फोन केला आणि हळू आवाजात बराच वेळ बोलली.

शनिवारी सकाळी सहालाच आलोच ‘ब्रश घेऊन येतो’ म्हणून बाहेर पडला. चपला हातात घेऊन निघाला, हे सांगायला हवं. आठला तो रंगाच्या दुकानात मागच्या बाजूला, रंगाच्या ड्रमांच्या आड, स्टुलावर बसला होता. मोबाइलचा आवाज बंद. आज कुणाकडे जायचं ते त्याने ठरवलं नव्हतं. ज्याचे फोन सर्वांत जास्त येतील त्याच्याकडे जायचं, एवढंच ठरलं होतं. दुकानदार त्याला न विचारता चहा देऊन गेला. अशा सकाळी त्याने पूर्वीही पाहिल्या होत्या.

नऊ वाजले. सव्वानऊ झाले. मोबाइलवर एकही फोन नाही. आलोचला चैन पडेना. इतकी वर्षं त्याच्या डोक्याशी फोनांचं मोहोळ उठायचं, आणि आज, ऐन शनिवारी, चार जणांना शब्द दिलेला असताना कुणालाच त्याची आठवण येऊ नये? त्याने मोबाइल हलवून बघितला. चालू होता.

साडेनऊला दुकानासमोरून एक टेम्पो गेला. मागे तीन शिड्या आडव्या बांधलेल्या, टोकाला लाल फडकं. आलोच सहज बघत होता आणि एकदम ताडकन उठला. मधल्या शिडीच्या तिसऱ्या पायरीवरचा निळा डाग त्याने ओळखला. तो डाग बाईंच्या आधीच्या कुठल्याशा घरचा, पण शिडी बाईंकडची होती. दुसरीवर डॉक्टरांचा दुधाळ हिरवा. तिसरीला केस चिकटलेले.

टेम्पोत पुढे, टेम्पोवाल्याच्या शेजारी बाई ताठ बसल्या होत्या. मांडीवर वही. टेम्पोच्या मागे डॉक्टरांची गाडी, गाडीच्या मागे सलूनवाल्याची स्कूटर. आलोच धावला. या माणसाला धावताना लोकांनी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं, आणि तेही स्वतःच्या शिड्यांच्या मागे, स्वतःच्याच घराकडे.

झालं होतं ते असं. बायकोने टेम्पोवाल्याला तिन्ही पत्ते देऊन पाठवलं होतं आणि तिन्ही ठिकाणी एकच निरोप सांगायला लावला होता, की रंगारीसाहेबांनी शिडी परत मागवली आहे. बास, पुढे एक शब्द नाही. रंगारी येत नाही हे त्या तिघांनी इतके दिवस सोसलं होतं, कारण शिडी होती. शिडी गेली म्हणजे आता तो जन्मात यायचा नाही. डॉक्टर तसेच गाडी काढून निघाले. सलूनवाल्याने स्कूटरला किक मारली. बाई म्हणाल्या, शिडी जाईल तिथे मी जाईन, आणि टेम्पोत चढल्या.

आलोच धापा टाकत घरात शिरला तेव्हा पुढच्या खोलीत चार शिड्या भिंतींना टेकून उभ्या होत्या, बसायला जागा नव्हती म्हणून डॉक्टर आणि सलूनवाला एकेका शिडीच्या खालच्या पायरीवर बसले होते, आणि बायको चहाचे कप देत होती. खुर्ची एकच होती. ती अर्थातच बाईंना मिळाली होती.

बाईंनी त्याला बसायला सांगितलं नाही. त्यांनी वही उघडली. आलोच त्यांच्या घरी ज्या ज्या दिवशी आला त्याची तारीख, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, सगळं त्यात होतं. त्यांनी शांतपणे वाचून दाखवलं. एकोणीस दिवसांत अकरा तास वीस मिनिटं, त्यांतली चाळीस मिनिटं फोनवर. मग डॉक्टर म्हणाले, की माझ्याकडे नऊला येणार होतात. सलूनवाला म्हणाला, नऊ तर माझी वेळ. बाई म्हणाल्या, नऊ माझी होती. तिघांनी एकमेकांकडे बघितलं. इतके दिवस प्रत्येकाला वाटत होतं की आपणच एकटे फसलो आहोत. आता तीन जण फसलेत हे कळल्यावर त्यांचा राग थोडा निवळला आणि भांडण थोडं वाढलं. आधी कुणाचं, यावर जुंपली. डॉक्टरांना पेशंट जातील याची काळजी, सलूनवाल्याला आरशांची. त्याने पोटतिडकीने सांगितलं, की परवा एका गिऱ्हाइकाची एका बाजूची मिशी राहून गेली आणि दोघांनाही ते कळलं नाही.

बाईंनी हात वर केला. खोली शांत झाली.

“म्हणजे शनिवारी सकाळी नऊची वेळ यांनी तीन ठिकाणी दिली होती,” त्या म्हणाल्या.

“चार,” बायको म्हणाली.

बाईंनी मान वर करून पहिल्यांदा त्या खोलीकडे नीट पाहिलं. खरवडलेल्या भिंती, अर्ध्यात थांबलेली पुट्टी, चौथ्या शिडीवर वाळत घातलेला टॉवेल. क्लासबद्दल त्यांनी विचारलं, तेव्हा बायकोने सोमवारचं सांगितलं.

“मग तुमचा नंबर कितवा आहे?” बाईंनी विचारलं.

“मला नंबर नाही,” बायको म्हणाली. “नंबर गिऱ्हाइकांना असतो.”

हे ती तक्रार म्हणून म्हणाली नाही. पाण्याची वेळ सांगावी तसं तिने सांगितलं. पण आलोचला आपल्या कानशिलात बसल्यासारखं वाटलं. तिघांसमोर त्याला लाज वाटली, आणि त्याहून जास्त लाज या गोष्टीची वाटली, की हे चार वर्षांत त्याच्या एकदाही मनात आलं नव्हतं. त्याला वाटायचं, घरचं काय, घरचं होईलच. तो खाली बघत उभा राहिला. त्याला काही तरी बोलायचं होतं आणि नेहमीचा शब्द सोडून दुसरा कुठला शब्द तोंडात येत नव्हता.

बाईंनी निकाल दिला. आधी ही खोली. मग दवाखाना, मग सलून आणि शेवटी मी, कारण मला तिरकं चालायची सवय झाली आहे. एक घर पुरं झाल्याशिवाय दुसऱ्या घरात शिडी जाणार नाही. तोवर सगळ्या शिड्या इथेच राहतील आणि त्यांची राखण यांची पत्नी करेल. कुणाची हरकत?

हरकत सलूनवाल्याची होती. म्हणजे आणखी चार-पाच दिवस आरसे झाकलेले. पण तो मुळात धडपड्या माणूस. त्याच्या लक्षात आलं, की ही खोली जितक्या लवकर संपेल तितका आपला नंबर लवकर लागेल. त्याने शर्टाच्या बाह्या वर सारल्या आणि खरवडायचा पत्रा मागितला. उरलेल्या दोन भिंतींवर तेव्हा खरवडायचे राहिलेले जुन्या रंगाचे पोपडे त्याने अशा हलक्या हाताने काढले, जसं काही भिंतीला रक्त येईल. ते बघून डॉक्टरांनाही राहवेना. भिंतीतल्या भेगांमध्ये आलोच पुट्टी भरत होता, ते काही त्यांना पटेना. भेग आधी आतून साफ करायची असते, ते म्हणाले, वरून नुसतं लिंपलं तर वर्षात निघतं. त्यांनी बारका ब्रश घेतला, प्रत्येक भेग आतून झाडली, फुंकर मारली आणि इतकं नेमकं भरलं की आलोच गुमान बघत राहिला. मध्येच सवयीने ते भिंतीला ‘दुखतंय का’ असं विचारून बसले. बाई खुर्चीत बसून दर अर्ध्या तासाने वेळ सांगत होत्या.

बारा वाजता पुट्टी पुरी झाली. तिघं गेली. जाताना बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं.

आता पुट्टी वाळेपर्यंत चार-पाच तास. आलोचने अंग झटकलं, टोपी शोधली आणि तोंडातून निघून गेलं, की तोवर जरा दवाखान्यात एक चक्कर...

बायको दारात उभी होती. तिने काही केलं नाही, नुसती उभी राहिली. आलोचने टोपी परत खुंटीला लावली.

चार तास स्वतःच्या घरात, दिवसाउजेडी, काही न करता. त्याला हातांचं काय करावं ते कळेना. तो या खोलीतून त्या खोलीत गेला. नळ बंद आहे ना ते बघितलं. भिंतीला बोट लावून बघितलं, ओलीच होती. शेवटी मागच्या खोलीत गेला. तिथे बायको जमिनीवर बसून क्लाससाठी कागदाचे नमुने कापत होती, बाही, गळा, खिसा, आठ जणींचे आठ संच. तिने न बघता कागदाचं टोक त्याच्यापुढे केलं. त्याने धरलं. मग तासभर तो टोकं धरत होता आणि ती कापत होती. कात्री कुठेही न अडखळता गोलाईवरून जात होती. ही रेघ आपल्या तोडीची आहे, हे त्याच्या आज ध्यानात आलं.

“हात चांगला आहे तुझा,” तो म्हणाला.

“एकवीस वर्षं आहे,” ती म्हणाली, आणि मग कात्री खाली ठेवून म्हणाली, “अहो, लोक विचारतात नवरा काय करतो. मी काय सांगू? मी चार वर्षं शिडीशी संसार केलाय. ती निदान घरात तरी असते.”

आलोच हसला. तीही हसली, पण आधी तो हसला म्हणून. मग दोघं पुन्हा कामाला लागली.

संध्याकाळी प्रायमर झाला. रविवारी सकाळी पहिला हात, दुपारी जेवण आणि चक्क झोप, मग दुसरा हात. रंग बायकोने निवडला होता, ताकासारखा पांढुरका, म्हणजे कुठल्याही रंगाचं कापड त्यासमोर धरलं तरी खरं दिसेल. छताखालची रेघ आलोचने सगळ्यांत शेवटी ओढली. शिडीवरून उतरून त्याने खोलीच्या मधोमध उभं राहून बघितलं. सुंदर झाली होती. मग मुलीला हाक मारून तिलाही दाखवली.

संध्याकाळी खोली धुऊन पुसून झाल्यावर दोघं उंबऱ्यात बसली. आलोचची छाती फुगली होती. तो म्हणाला, की बघ, चेल्याला बोलवायची वेळ आली नाही. त्याला अशी रेघ सात जन्मांत जमली नसती.

“त्याला मी बोलावलं होतं,” बायको म्हणाली.

आलोचने वळून बघितलं.

सोमवारीच, तिने सांगितलं. आलोचशी बोलायच्या आधी. तिने चेल्याला फोन केला, सगळं सांगितलं, आणि तो म्हणाला, वहिनी, मला नाही जमणार. दोन महिने मी दिलेल्या शब्दांत अडकलोय. तुम्हाला हो म्हटलं तर दुसऱ्या कुणाला तरी फसवावं लागेल. म्हणजे शनिवारी चेला येणारच नव्हता. नुसती हूल होती ती.

आलोचला आधी हायसं वाटलं. मग चेल्याचा राग आला. गुरूच्या घरचं काम आणि तोंडावर नाही म्हणतो?

“तुला राग नाही आला त्याचा?” त्याने विचारलं.

“नाही,” ती म्हणाली. “उलट मला वाटलं, थांबावं दोन महिने. हा येईल म्हणाला की येईल.”

चाळीस वर्षं ज्या शब्दाला तो घाबरत आला होता, तो शब्द त्याच्याच चेल्याने सरळ उच्चारला होता, आणि बायको त्याच्यावर चिडायच्या ऐवजी दोन महिने थांबायला तयार झाली होती. आणि आपण हजारदा हो म्हणून तिला कुठे पोचवलं? हे त्याला फार लागलं. त्याने बायकोच्या हातातलं पुसायचं फडकं घेतलं आणि उगाचच पिळत बसला.

तेवढ्यात फोन वाजला. अनोळखी नंबर. आलोचने बायकोकडे बघितलं. ती भिंतीकडे बघत होती. त्याने फोन उचलला. पलीकडच्या माणसाला दोन खोल्या रंगवून हव्या होत्या, आणि उद्यापासून हव्या होत्या. आलोचच्या ओठांवर शब्द आला, त्याने तो गिळला, पुन्हा आला, पुन्हा गिळला.

“उद्या नाही जमणार,” तो म्हणाला. “माझ्याकडे तीन कामं आहेत. अठरा तारखेला येईन.”

आता हा तोंड फिरवणार, आलोचने डोळे मिटून घेतले. पण तो माणूस म्हणाला, बरं, चालेल, अठराला या, आणि फोन ठेवला.

आलोच कितीतरी वेळ हातातल्या फोनकडे बघत राहिला.

“इतकं सोपं असतं नाही म्हणणं?” त्याने विचारलं.

“गिऱ्हाइकांना म्हणायचं,” बायको म्हणाली. “मला नाही.”